बिनआवाजाची मालिका

"अय बन्सीलाल, तुना बापनी तुले गाडी दिधी, बंगला दिधा, मंग कंगवा काबर नही दिधा रे?"

गिरणीवर डबे घेऊन थांबलेल्या आम्ही बायका हसून बेजार. बन्सीलाल म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरचा सतरा-अठरा वर्षांचा कोरियन मुलगा. कपाळावरचे केस पार डोळ्यांत आलेले, अंगात शाळेचा निळा कोट, आणि काचेच्या भल्यामोठ्या खिडकीशी उभा राहून तो रडत होता. ओठ हलत होते. काय म्हणत होता ते कुणालाच कळत नव्हतं. गिरणीत बाजरी पडलेली होती, आणि बाजरी दळली जात असताना त्या पत्र्याच्या खोलीत मोबाइलचा आवाज कितीही वाढवला तरी मुंगीच्या पावलाएवढाच.

गिरणी चालवणाऱ्या प्रमिलाबाईंचा आवाज मात्र गिरणीच्या वर चढायचा. पिठाच्या धारेखाली हात, नजर मोबाइलवर, भुवया पांढऱ्या. बन्सीलालच्या वतीने त्यांनीच उत्तर दिलं, नाकातून, रडवेलं :

"कंगवा शे वं माय, पन दुःख इतलं शे की हात वर जात नही."

"और अम्मा क्या बोली उसकी?" अकबरीभाभी पाठीमागून ओरडली. तिचं पीठ केव्हाच दळून झालं होतं. डबा काखेत धरून ती तशीच उभी.

पडद्यावर मोत्यांची माळ घातलेली एक बाई आली. प्रमिलाबाईंनी लगेच मान ताठ केली. "बन्सी, रडू नको. रडना तं कोट ओला व्हई. कोट धोबीले देवाना शे, आनी धोबी बी आपलाच शे, तो बी रडी."

देवपुरातल्या आमच्या गल्लीत हे रोज दुपारी चालायचं. मालिका हिंदीत उतरवलेली होती, म्हणजे तिला चांगले संवाद होते, पण ते गिरणीवर कुणाला नकोच होते. श्रीमंत घरच्या शाळकरी पोरांची ती गोष्ट. नाव परदेशी. प्रमिलाबाई तिला 'शेटना पोरं' म्हणायच्या. गिरणी त्यांच्या नवऱ्याने टाकली होती. तो गेल्यावर दीर-भावांनी विकायला सांगितली, तर यांनी पदर खोचला आणि दगडाला टाकी लावायलाही त्या शिकल्या. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ कसं हवं ते गिऱ्हाइकाचं तोंड पाहून ठरवायच्या. "हिना घरमा म्हतारी शे, बारीक पाड," असं स्वतःशीच.

त्या कोरियन पोरांबद्दल त्यांची मतं पक्की होती. सतरा वर्षांच्या पोराला गाडीचं दार दुसऱ्याने उघडून द्यावं लागतं, म्हणजे त्याच्या हातांना काहीतरी झालंय. वीस खोल्यांच्या घरात आई वरच्या मजल्यावरून मुलाला मेसेज पाठवते : जेवलास का. त्या बंगल्यात कुणी कधी दळण नेताना दिसत नाही. "पीठ कोठून येस ह्यास्नाकडे? का नुसत्या शेवयाच खातस?" पण दारात चपला काढतात, हे त्यांना फार आवडलं होतं. मोठ्या माणसाला काही द्यायचं तर दोन्ही हातांनी देतात. वाकतात तर कमरेतून वाकतात. "आपला पोरं देखा. बापले नमस्कार करतस जशी पायवरनी माशी उडाडतस."

आणि एकदा, भरल्या गिरणीत, पडद्यावरच्या चकचकीत गाडीत बसून हमसून रडणाऱ्या एका मुलीकडे पाहत त्या म्हणाल्या होत्या, "इतला पैसा शे. तरी घरमा कोनी इचारत नही तिले." त्या वेळी त्यांनी तिला आवाज लावला नाही.

खरं तर ती मालिका प्रमिलाबाईंची नव्हतीच. मेघाची होती.

मेघा त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांच्या बोलीत अंडेर. जळगावला दिली होती. नवरा सुरतेला कामाला गेला आणि तिथेच त्याने दुसरं घर केलं. गेल्या हिवाळ्यात चार माणसं बसली, काडीमोड झाला आणि मेघा दोन बॅगा घेऊन गिरणीमागच्या खोलीत परत आली. तेव्हापासून तिच्या कानात ते इअरफोन. बोलायची ते मोजकं. गहू संपले. पट्टा घसरतोय. वीज गेली. बाकी सगळा वेळ पडद्यावर ती कोरियन पोरं.

गल्लीतल्या बायका प्रमिलाबाईंना विचारायच्या, "पोरगी आता इथंच का?"

"इथंच," त्या म्हणायच्या.

एकदा आतून मेघाचाच आवाज आला. "इथंच म्हणजे कुणाच्या घरात, आई?"

सासरचं नाव काढून घेतलेलं, माहेरचं नाव लग्नात पुसलेलं. मेघाला भाकर मिळत होती, अंथरूण मिळत होतं. तिला हवं होतं ते वेगळंच : आपण कुणाच्यात मोजले जातो, एवढं तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि आईला हवं होतं की मुलीने पूर्वीसारखं बोलावं. म्हणून प्रमिलाबाईंनी स्वतःच्या मोबाइलवर तीच मालिका लावली. रात्री ताटावर बसल्या की विषय तयार.

"आज बन्सीलाल काबर रडना वं?"

"त्याच्या वडिलांनी त्याला परदेशी पाठवायचं ठरवलं म्हणून."

"आनी ती गोरी पोर?"

"ती आजारी आहे, आई. सांगत नाहीये कुणाला."

अशी चार-पाच वाक्यं. तेवढ्यासाठी प्रमिलाबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा डोळे फोडून बघायच्या.

फक्त ताईबाईबद्दल त्यांनी मेघाला कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

ताईबाई ही मालिकेतली आखूड केसांची एक मुलगी. हे नावही प्रमिलाबाईंनीच ठेवलेलं. एका भागात त्या बंगल्यात पूर्वजांची पूजा होती. लांब टेबलावर फळांच्या राशी, धूप, काळ्या कोटातले पुरुष रांगेने वाकतायत. प्रमिलाबाईंनी गिरणीत धान्य सोडायची फळी बंद केली, एवढ्या त्या हरखल्या.

"अकबरी! देख, देख! ह्यास्नी बी कानबाई बसाडी!"

श्रावणातल्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, साज चढवतात, आणि तिचा नैवेद्य म्हणजे रोट. घराण्यात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू नि डाळ काढायची, ती दळायची, त्या पिठाच्या पुरणपोळ्या. खायच्या फक्त भाऊबंदांनी आणि त्यांच्या घरच्यांनी. परक्याला त्यातला घास नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही, कारण तिचं कुळ बदललं. अकबरीभाभीला हे सगळं ठाऊक होतं. तिचं आयुष्य याच गल्लीत गेलेलं. "हाँ, तुम्हारी रोटवाली," ती म्हणाली. "जिस दिन हमको कोई कुछ खिलाता नहीं." आणि डोळा मारला.

पडद्यावर पूजेच्या खोलीच्या दाराबाहेर ताईबाई उभी होती. हात पुढे जुळवलेले, मान खाली.

"ये कौन?"

"कामवाली," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांना शंकाच नव्हती. देवाचं चाललंय आणि पोर उंबऱ्याबाहेर उभी, म्हणजे परकी. दुसरं काय असणार? "फळं कमी पडनात तं लई येवाले उभी करेल शे." आणि तिचा आवाज काढला, आळसावलेला, चोरटा : "कव्हय आटपतीन ह्या? मन्हा पाय दुखी राहिनात. एक सफरचंद मी सकायलेच खाई टाकं, कोनले समजनं नही."

गिरणी हसली. मीही हसले. पुढे ताईबाई जेव्हा जेव्हा पडद्यावर आली तेव्हा तिने काही ना काही चोरलं : कधी केक, कधी बन्सीलालचे बूट. ती आमची सगळ्यांत लाडकी झाली. मागच्या खोलीच्या दारात मेघा कधीकधी कानातला एक इअरफोन काढून उभी असायची, आणि आत निघून जायची.

श्रावण लागला. कानबाईच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी गहू चालू असताना वीज गेली. गिरणीचा घरघराट खाली खाली येत थांबला, पट्टा दोनदा फटफटला, आणि त्या शांततेत, मोबाइलमधून, पूर्ण वाढवलेल्या आवाजात एक कोवळा, कापरा गळा आमच्या सगळ्यांवर येऊन आदळला :

"पिताजी, मैं भी इसी घर की बेटी हूँ। एक बार तो अंदर आने दीजिए।"

पडद्यावर ताईबाई होती. गुडघ्यांवर बसलेली.

प्रमिलाबाईंचा पिठाचा हात हवेतच राहिला.

"कामवाली नाहीये ती," मेघा दारातून म्हणाली. आम्ही वळून पाहिलं. "त्या घरचीच मुलगी आहे. लहानपणी काकाला दत्तक दिली होती. काका गेल्यावर काकूने परत पाठवली. आता काकूकडच्या पूजेत तिला जागा नाही आणि वडील म्हणतात, दिलेली मुलगी आमच्या पूजेत बसत नाही. पहिल्या भागापासून हीच गोष्ट चालू आहे."

"तौबा," अकबरीभाभी पुटपुटली. "और हम दाँत निकाल रहे थे."

प्रमिलाबाई म्हणाल्या, "माले काय माहीत वं माय… आवाजच येत नव्हता."

"तू तिला रोज सफरचंद चोरायला लावलंस, आई," मेघा म्हणाली, आणि आत गेली.

त्या संध्याकाळी प्रमिलाबाई हात-तोंड धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन जेठांकडे गेल्या. अभिमननाना म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. पांझरा नदीच्या काठच्या आळीत राहतात. घराण्याची कानबाई त्यांच्याकडेच बसते. नाना ओसरीत पंख्याखाली बसून नारळ सोलत होते. त्यांची सून रत्ना आत डाळ निवडत होती. हे सगळं पुढे प्रमिलाबाईंनीच मला सांगितलं, दोघांचे आवाज काढून. पण हसण्यासाठी नाही.

"नाना, एक इचारानं व्हतं."

"इचार ना. गिरणीनी मोटर जळनी का?"

"नही. मेघानं. रोटनं."

नानांचा हात थांबला. "रोटनं काय?"

"ती आते आठेच शे. यंदा तिले पंगतमा…"

"प्रमिला, तिना लगनमा मामासंगे अंतरपाट कोन धरेल व्हता? मीच ना? मन्हा हातखाल ती गयी. आते मी कसं सांगू की गयी नही?"

"तिकडथून बी काढी टाकी ना नाना तिले. ती कोठे खाई?"

नाना नारळ फिरवत राहिले. आतून रत्ना म्हणाली, "तिनासाठे येगळी पुरनपोळी करसू ना आक्का. डब्बामाधलं पीठ लिसू. चव तं सारखीच शे."

"चवनं नही इचारी राहिनी मी, रत्ना."

मग नाना म्हणाले, "देख. मी एकला हो म्हननू तं उद्या बठ्ठा म्हनतीन, नानानी रीत मोडी. रयवारले सर्वा भाऊबंद येतीन. पंगत बठानं पहिले मी इचारसू, कोनले काही बोलानं शे का. तव्हय तू बोल. बठ्ठास्ना मोरे बोल. कोनी नही म्हननं नही, तं बठाडू तिले."

त्या पळतच घरी आल्या असाव्यात. मेघाला म्हणाल्या, "रयवारले चाल मन्हासंगे. मी बोलसू." मेघाने इअरफोन काढले. दोन्ही. "सगळ्यांसमोर?" "बठ्ठास्ना मोरे." मेघा त्या रात्री आपण होऊन बोलली. ताईबाईबद्दलच बोलली, पण खूप बोलली. तिचं खरं नाव काय, ती शाळेत कशी एकटी जेवते, पुढच्या भागात काय होईल असं वाटतं. दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतली जांभळी साडी काढून उन्हात टाकली.

शनिवारी गिरणी धुवायची असते. रोटाचं धान्य उष्ट्या पिठाच्या गिरणीत पडत नाही. माय-लेकींनी मिळून दगड काढून घासले, पेटी पुसली, जमीन पाण्याने धुऊन काढली. मग एकेका घरची बाई न्हाऊन, ओल्या केसांनी, झाकलेलं पातेलं घेऊन यायला लागली. या दिवशी गिरणीवर कुणी फारसं बोलत नाही. मालिका नाही, काही नाही.

रत्ना आली. पातेलं ठेवलं. म्हणाली, "आक्का, मी जराशी नारय लई येस, तवलोंग सुरू करू नको." आणि दुकानाकडे गेली.

प्रमिलाबाईंनी पातेल्यावरचं फडकं उचललं. आत नानांच्या नावाची मूठ, त्यांच्या मुलांची, नातवांची, चुलत्यांची. गहू आणि डाळ. प्रमिलाबाईंच्या घरातला पुरुष गेल्यापासून त्या घराची मूठ त्यात नव्हतीच. त्यांनी स्वतःच्या डब्यातून एक मूठ गहू घेतले, वर चिमूटभर अजून, त्यावर डाळ, आणि पातेल्यात सोडले. सोडताना म्हणाल्या, "मेघा." गिरणी बंद होती, तरी ते इतक्या हळू म्हणाल्या की पलीकडे ओट्यावर पाणी मारत असलेल्या मेघालाही ते ऐकू गेलं नाही.

रत्ना परतल्यावर त्यांनी बटण दाबलं. सगळं एकत्र दळलं गेलं.

रविवारी नानांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चौरंगावर कानबाई, तिची नथ दिव्यात चमकतेय. गंगाफळाच्या भाजीचा, पुरणाचा, कटाच्या आमटीचा वास. बायका-पुरुष पंगतीला दाटीवाटीने बसलेले. मेघा बाहेर ओट्यावर थांबली, जांभळ्या साडीत, खांबाला टेकून. लहान पोरं तिच्या अंगावरून आत-बाहेर पळत होती. आतून दाराच्या चौकटीत तिचा अर्धा चेहरा दिसत होता.

प्रमिलाबाईंनी वाक्य तयार केलं होतं. आठवडाभर धार धरताना तेच घोकत होत्या.

नानांनी शब्द पाळला. ताटं वाढून झाली तसं ते उभे राहिले. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मुद्दाम प्रमिलाबाईंवर आणून थांबवली. "घास लेवाना पहिले… कोनले काही बोलानं शे का?"

प्रमिलाबाई उठल्या. म्हणजे अर्ध्या उठल्या, एक गुडघा टेकलेला.

आणि समोरच्या रांगेतून त्यांचा चुलत दीर झुलालभाऊ, भला माणूस, कायम थट्टेखोर, मोठ्याने म्हणाला, "बोल वं गिरणीवाली वहिनी! तू तं कोरियाना पोरास्ले बी बोलतं करस, आठे काय लाजस?"

पंगत हसली. मायेनेच हसली. गल्लीतून सगळ्या घराण्यात त्यांच्या आवाजांची कीर्ती गेलेली होती. "व्हय व्हय, बन्सीलालना आवाज काढ," कुणीतरी म्हणालं. "कानबाईले बी ऐकू दे!"

हसणारी माणसं समोर आली की प्रमिलाबाईंचं तोंड आपोआप चालतं. ती सवय आम्हीच लावलेली. त्यांच्या तोंडून निघालं, नाकातून, रडवेलं, "काकू, बठ्ठा रोट खाई नका टाका, मन्हासाठे कुरियरनी धाडा!"

केवढा हशा. झुलालभाऊंनी मांडीवर थाप मारली. नानाही हसले, मग हसू आवरून एक क्षण थांबले, त्यांच्याकडे पाहत राहिले. अजून वेळ होता. प्रमिलाबाई सांगतात, अजून वेळ होता. पण त्या खाली बसल्या. गुडघा आपोआप मुडपला. नानांनी हात जोडले, "कानबाई माय की…" आणि सगळ्यांनी जय म्हटलं, आणि हात ताटांकडे गेले.

रोटाच्या पंगतीतून ताट टाकून उठत नाहीत. पानात काही उरवत नाहीत. हात धुतलेलं पाणीसुद्धा बाहेर फेकत नाहीत, अंगणातल्या खड्ड्यात सोडतात. प्रमिलाबाईंनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. रत्नाने आग्रहाने अजून अर्धी पोळी वाढली, तीही खाल्ली. चौकटीत आता मेघा दिसत नव्हती.

जेवून बाहेर आल्यावर प्रमिलाबाईंना ती कोपऱ्यावर उभी दिसली. दोघी घराकडे चालू लागल्या. रस्त्यात कानबाईच्या गाण्यांचे आवाज, घराघरांतून. बराच वेळ मेघा पुढे, आई मागे.

"मेघा."

"हं."

"मी तुना नावनी मूठ टाकी व्हती. काल, पातेलामा. बठ्ठास्नी खादी ती."

मेघा थांबली. "माझ्या नावाची?"

"व्हय वं माय. नाव लई टाकी."

"कुणाला सांगितलंस?"

"कोनलेच नही."

मेघाने आईकडे पाहिलं. रागाने नाही, असं प्रमिलाबाई पुन्हा पुन्हा सांगतात. दमलेल्या माणसाने दुसऱ्या दमलेल्या माणसाकडे पाहावं तसं. "मग ती माझी कशी, आई? त्यांनी तर आपलीच म्हणून खाल्ली."



भाद्रपदात मेघा शिरपूरला गेली. मुलींच्या एका वसतिगृहात देखरेखीचं काम मिळालं. मुली लांबलांबून आलेल्या, काही चांगल्या घरच्या, मोठमोठ्या गाड्यांतून बॅगा उतरवणाऱ्या. जवळच तिने एक खोली घेतली. जाताना तिने गिरणीतून काही नेलं नाही. "तिथं पिठाची गिरणी आहे," म्हणाली.

देवपुरात दुपारी आम्ही डबे घेऊन अजून थांबतो. मालिका कधीकधी लागते. बन्सीलाल रडतो, ओठ हलवतो. "बोलो ना कुछ, प्रमिलाबाई," अकबरीभाभी एकदा म्हणाली. "इतना सूना लगता है." प्रमिलाबाईंनी धारेखालचा हात काढला नाही. "त्यानं त्याले बोलू दे," म्हणाल्या.

दिवाळीनंतर त्या शिरपूरला गेल्या. पहिल्या बसने. दळून ठेवलेलं पीठ पिशवीत होतंच, नको म्हटलं तरी. मेघाची खोली जिन्याखालची, एका माणसाची. एक कॉट, एक शेगडी, दोन ताटं. मेघाने भाजी टाकली, पोळ्या लाटल्या. बोलत होती बऱ्यापैकी. मुली कशा भांडतात, एकीच्या वडिलांनी वाढदिवसाला अख्ख्या वसतिगृहाला आइस्क्रीम कसं पाठवलं, आणि ती पोरगी बाथरूममध्ये जाऊन कशी रडली, कारण वडील स्वतः आले नव्हते.

"आनी तू?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "तुले कसं वाटस आठे?"

"बरं वाटतं," मेघा म्हणाली. "इथं मी कुणाचीच नाही. कुणी विचारतही नाही."

तिने आईपुढे ताट ठेवलं. प्रमिलाबाईंनी हात लावला नाही. कॉटवरून उठल्या. सरळ उभ्या राहिल्या, दोन्ही गुडघे ताठ. डोक्यावरचा पदर नीट केला, आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीकडे बघत, गिरणीच्या वर चढणाऱ्या त्या आवाजात म्हणाल्या :

"नाना, हाई मन्ही अंडेर शे. मन्हा पोटनी शे. हाई मन्हा शेजारे बठी आनी रोट खाई. कोनले नही म्हनानं व्हई तं मन्हा तोंडवर म्हना."

जिन्यावरून उतरणाऱ्या दोन मुली थबकल्या. एकीने आत डोकावलं आणि लाजून पुढे गेली.

मेघाचा हात शेगडीच्या बटणावर होता. तव्यावर पोळी होती, तिला एका बाजूने काळे डाग पडत चालले होते. तिने बटण फिरवून आच बंद केली. आईच्या खांद्याला धरून तिला खाली बसवलं. खांद्यावरचा हात काही वेळ तिने तसाच ठेवला.

"छान म्हणालीस," ती म्हणाली. "आता जेव. दोनची बस आहे तुझी."